‘डॉकर-कंटेनरच्या नावाखाली बिल वाढवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मालक,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की तुमच्या चादर-टॉवेलची आम्ही बनवलेली साईट चांगली झाली, पण डॉकर, कंटेनर, ऑटोमेशन असली नावं लावून बिल वाढवलं, आधीचा पोरगा फाईलझिलातून (साईट चालते त्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्वरवर, फाईल चढवायचं सॉफ्टवेअर) पाच मिनिटात फाईल टाकून द्यायचा, आणि सर्वरचा पासवर्ड मागितला तर देत नाहीत म्हणजे आम्हाला अडकवून ठेवलंय. इथंच सगळ्यांसमोर बोलतो, कारण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले अजून चार कारखानदार हे वाचून आम्हाला हेच विचारणार.

आधी ते पाच मिनिटाचं. फाईल थेट सर्वरवर टाकली की काम पटकन होतं, खरंय. पण मग सर्वरवर नेमकं काय चाललंय ते त्या एका पोरालाच माहीत असतं. तुमची जुनी साईट आमच्याकडे आली तेव्हा चेकआउटच्याच फाईली न्यू, न्यू२, फायनल अशा नावानं पडलेल्या आणि त्यातली खरी कुठली हे सांगायला कोणी नाही. आणि साईट बंद का पडली होती आठवतंय ना, होस्टिंगवाल्यानं पीएचपी (साईटचा कोड ज्या भाषेत आहे ती) ७.४ वरून ८ वर नेलं. ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला होता, त्यामुळे नेलं ते बरोबरच केलं, पण तुमच्या कोडात ८ मध्ये काढून टाकलेली फंक्शनं होती, म्हणून गिऱ्हाइकाला नुसतं पांढरं पान दिसायचं आणि तेही ऐन थंडीत, चादरीच्या सीझनला.

कंटेनर ह्याच्यासाठी आहे, म्हणजे साईट आणि तिला लागणारं सगळं एकाच डब्यात, आणि डॉकर हे तो डबा बनवायचं-चालवायचं सॉफ्टवेअर. तुम्ही जेकार्डवाले, तुम्हाला लगेच कळेल बघा, डिझाईनचं कार्ड एकदा पंच केलं की ते कुठल्याही मागावर चढवा, चादरीवर तोच मोर येतो. डॉकरफाईल म्हणजे ते कार्ड. पीएचपी कुठलं, एक्स्टेंशन (पीएचपीचे जोड-भाग) कुठली, सेटिंग काय, सगळं त्यात लिहिलेलं, त्यावरून इमेज (साईटचा तयार साचा, चालू केला की तोच कंटेनर) बनते, आणि तीच इमेज आमच्या लॅपटॉपवर, टेस्टिंगला आणि मुंबईतल्या क्लाउड सर्वरवर चालते. पीएचपी बदलायचं तर आपण ठरवून, आधी तपासून बदलायचं. बदलावं तर लागणारच, कंटेनरात घातलं म्हणून जुनं व्हर्जन सेफ होत नाही, हे पण सांगून ठेवतो.

आता ऑटोमेशन. आमच्या पोरानं कोड गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) पुश केला, म्हणजे चढवला, की गिटहब अॅक्शन्स (तिथलीच आपोआप कामं करणारी सोय) टेस्ट चालवतं, इमेज बनवतं, तिला त्या बदलाचा नंबर टॅग म्हणून लावतं, रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या जागी) ठेवतं, मग सर्वरवर जाऊन नवी इमेज ओढून डॉकर कंपोजनं (कंटेनर चालू-बंद करायचं डॉकरचंच साधन) कंटेनर बदलतं आणि साईट उत्तर देतीये का ते बघतं, नसेल देत तर आधीच्या टॅगची इमेज परत चालू. ह्याला पाच मिनिटापेक्षा जास्त लागतात, लागू देत की. माणूस रात्री अकराला कंटाळून एखादी फाईल विसरतो, हे विसरत नाही. असा मागं जातो तो फक्त कोड, ऑर्डरी जात नाहीत, कारण डेटाबेस आणि टॉवेल-चादरींचे फोटो कंटेनरच्या बाहेर व्हॉल्यूममध्ये (सर्वरवरची वेगळी, टिकून राहणारी जागा) आहेत, नाहीतर प्रत्येक बदलाला कंटेनर टाकून देताना तेही गेले असते. बॅकअप तरी वेगळा लागतोच, तो रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जातो.

आणि भाव बदलायला ह्यातलं काहीच लागत नाही ओ! अॅडमिन पॅनलमध्ये जाऊन भाव टाका, सेव्ह करा, झालं. तुमच्या ऑफिसातल्या ताईंना ते दाखवलंय. सेटवर शिपिंग माफ असली स्कीम असेल तर मात्र कोड बदलतो, तो ह्याच वाटेनं जाणार.

पासवर्डचं म्हणाल तर तो दिला नाही कारण तो नाहीच. पासवर्डनं लॉगिन आम्ही बंद केलंय, कारण इंटरनेटवर उघड्या सर्वरवर बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) दिवसरात्र पासवर्ड मारून बघत असतात. आत जायला एसएसएच की लागते, म्हणजे पासवर्डच्या जागी वापरायची डिजिटल चावी, तिची पब्लिक आणि प्रायव्हेट अशी जोडी असते. तुमच्या पुतण्याला त्याची पब्लिक की पाठवायला सांगा (पब्लिकच, प्रायव्हेट कोणालाच द्यायची नाही, आम्हालाही नाही), त्याच दिवशी टाकतो. क्लाउडचं अकाउंट तुमच्या नावावर, रिपॉझिटरीचे (गिटहबवरच्या कोडच्या साठ्याचे) मालक तुम्ही. उद्या आमच्याशी नाही जमलं तर दुसरा कोणीही डेव्हलपर ती डॉकरफाईल आणि कंपोज फाईल वाचून दुसऱ्या सर्वरवर साईट उभी करू शकतो, फक्त साईटच्या आतल्या (डेटाबेस वगैरेच्या) पासवर्ड-चाव्यांची सिक्रेट फाईल कोडात नसते, ती बंद पाकिटात तुमच्याकडेच दिलेली आहे. अडकवायचं असतं तर आम्हीपण फाईलझिलाच वापरलं असतं.

बिलातली ‘डिप्लॉयमेंट ऑटोमेशन’ ही ओळ एकदाचीच आहे, ती बसवायची मजुरी, दर महिन्याला येणार नाही. डॉकर इंजिन ओपन सोर्स आहे, गिटहबच्या फ्री प्लॅनमध्ये प्रायव्हेट रिपॉझिटरीला ह्या ऑटोमेशनची महिन्याला २,००० मिनिटं फुकट मिळतात आणि तुमच्या साईटला तेवढी लागत नाहीत. महिन्याला भरायचं ते फक्त सर्वरचं भाडं, तेही थेट तुमच्या कार्डातून जातं, आमच्याकडून नाही.

रिव्ह्यू ठेवा की काढा, तुमची मर्जी. पुतण्याला घेऊन संध्याकाळी ऑफिसला या, तुमच्यासमोर एक बदल टाकतो आणि तुमच्यासमोरच मागं घेऊन दाखवतो. सिक्रेटचं पाकीट मात्र दुकानाच्या गल्ल्यात ठेवू नका, घरी कपाटात ठेवा.