‘लाखाच्या पुढे गेलेल्या ऑटोमॅटिकचं ऑईल बदलू नका’ या मेसेजला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला गिऱ्हाइकांनी पाठवला, नातेवाइकांनी पाठवला, माझ्या मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरही तो फिरला. ‘ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी जरूर वाचा’ असं वर लिहिलंय आणि खाली पाच गोष्टी. गिअरबॉक्सचं ऑईल आयुष्यभराचं असतं. गाडी लाखाच्या वर चालली असेल तर ते ऑईल अजिबात बदलू नका, बदललं की गिअरबॉक्स बंद पडतो. झटके सुरू झाले म्हणजे गिअरबॉक्स गेला, तो उघडण्यात पैसे घालू नका, जुनी असेंब्ली म्हणजे भंगारातला आख्खा गिअरबॉक्स बसवा नाही तर गाडी विका. प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करा. आणि तरीही झटके येत असतील तर बाटलीतलं केमिकल ओता.

मी नागपुरात १७ वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करतोय. या मेसेजमुळे चांगल्या गाड्या भंगाराच्या भावात जाताना बघितल्या, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

त्याआधी एक गोष्ट, जी मेसेज लिहिणाऱ्याने विचारातच घेतलेली नाही. ‘ऑटोमॅटिक’ हा एक गिअरबॉक्स नाही. आपल्या रस्त्यावर चार प्रकार आहेत. २०१४ मध्ये सेलेरिओपासून भारतात आलेला एएमटी हा आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यात झटके वाढले तर बहुतेक वेळा क्लच प्लेट झिजलेली असते किंवा ते यंत्र म्हणजे ॲक्चुएटर त्रास देत असतो. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा असतो, आणि त्याचं ऑईल वेगळं. त्यात भलतं ऑईल पडलं तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे उठतात. ड्युअल क्लचची म्हणजे दोन क्लचवाल्याची तऱ्हा आणखी निराळी. चौथा टॉर्क कन्व्हर्टरवाला, त्यात इंजिनाचा जोर ऑईलमधून गिअरबॉक्सकडे जातो. एकच सल्ला चौघांना लागू करणं म्हणजे ताप आला की रोग न बघता सगळ्यांना एकच गोळी. पुढे मी मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या गाड्यांबद्दल बोलतोय, कारण लाख-दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाड्या माझ्याकडे जास्त त्याच येतात.

आता ‘आयुष्यभराचं ऑईल’. या ऑईलकडे चार कामं असतात. दाबाने क्लच पॅक म्हणजे आतल्या क्लच प्लेटांचे गठ्ठे आवळायचे, बेअरिंग आणि गिअरचे दात ओले ठेवायचे, उष्णता वाहून कूलरपर्यंत न्यायची आणि क्लच नेमका किती घसरेल, किती पकडेल हे सांभाळायचं. पहिली तीन कामं ऑईल म्हातारं झालं तरी बरीचशी चालतात. चौथं आधी बिघडतं, आणि तेच तुम्हाला झटका किंवा थरथर म्हणून जाणवतं. झेडएफ ही जर्मन कंपनी जगभरच्या महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. त्यांतल्या काही गाड्यांवर ‘लाईफटाईम’ असं लिहिलेलं असतं, पण झेडएफ स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांनी ऑईल बदला असं सांगते. गिअरबॉक्स बनवणाराच बदला म्हणत असेल तर फॉरवर्ड मेसेजवर विश्वास का ठेवायचा?

शिवाय आपलं गाव नागपूर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, एसी पूर्ण, आणि सीताबर्डीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असते. तब्येतीत असलेल्या गिअरबॉक्समधलं ऑईल साधारण ८० ते ९५ अंशांवर काम करतं. त्यावर दर दहा अंशांना ऑईलचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. गाडीच्या पुस्तकात ‘कठीण वापर’ असं एक पान असतं, त्यात कडक ऊन, धूळ आणि रांगत चालणारी वाहतूक लिहिलेली असते. ते पान आपल्यासाठीच आहे. त्यात दिलेलं अंतर पाळा.

दुसरा मुद्दा सर्वांत धोक्याचा, कारण त्यात थोडं खरं आहे. ऑईल बदललं आणि आठवडाभरात गिअरबॉक्स बसला, असं घडतं. मी ते बघितलंय. पण का घडतं? ज्या गाडीचं ऑईल दीड लाख किलोमीटर बदललंच नाही, तिच्या क्लच प्लेटांचं अस्तर आधीच उडालेलं असतं आणि त्याचा चुरा ऑईलमध्ये तरंगत असतो. मालक येतो तोच मुळी क्लच घसरायला लागल्यावर, म्हणजे रेस वाढूनही गाडी उचलेनाशी झाल्यावर. नवं ऑईल टाकलं, गिअरबॉक्स गेला, दोष ऑईलला. पेशंट शेवटच्या क्षणी दवाखान्यात आणला आणि सलाईनने मेला म्हणायचं, तसं हे. दुसरं कारण आम्हा मेकॅनिकांकडून होतं. मशीन लावून दाबाने फ्लश मारतात म्हणजे नवं ऑईल ढकलून जुनं बाहेर काढतात, तळाचा गाळ सुटतो आणि ऑईलचा दाब वाटून देणाऱ्या वॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो. जास्त चाललेल्या गाडीला मी दाबाचा फ्लश कधीच मारत नाही.

मग काय करायचं? गिअरबॉक्सच्या तळाचा प्लग उघडून जेवढं येतं तेवढं काढायचं, तेवढंच मोजून भरायचं. एकूण सहा-सात लिटर ऑईल असेल तर प्लगमधून अडीच-तीन लिटरच येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं. मध्ये तीन-चारशे किलोमीटर चालवत असं तीनदा केलं तर जुनं ऑईल साधारण २२ टक्के उरतं. गिअरबॉक्सला धक्का न देता एवढं साधतं. पहिल्या वेळी चेंबर म्हणजे तळाचं ऑईलचं पात्र उतरवा, फिल्टर निघण्यासारखा असेल तर बदला आणि आतलं लोहचुंबक तुमच्या डोळ्यांसमोर पुसायला लावा. चुंबकावर राखाडी, बोटाला मऊ लागणारी लुगदी असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. चकचकीत कपचे, सुईसारखे तुकडे किंवा पितळी कण दिसले तर आत काहीतरी तुटतंय. ऑईल काळपट दिसलं म्हणजे जळलंच असंही नाही, काही ऑईलं लवकर काळवंडतात. वास घ्या. करपलेला वास खोटं बोलत नाही.

लेव्हलबद्दल नागपूरकरांना मुद्दाम सांगतो. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गाड्यांत ऑईल ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना तपासणीचा प्लग उघडून लेव्हल बघतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गाडी सुरू करायच्या आधीच आतलं ऑईल तिथे पोचलेलं असतं. गरम ऑईल फुगतं, प्लगमधून जास्त वाहून जातं आणि गाडी थंड झाल्यावर लेव्हल कमी भरते. म्हणून उन्हाळ्यात मी हे काम सकाळी सातला करतो आणि स्कॅनरवर ऑईलचं तापमान बघत करतो. डिपस्टिक असेल तर पुस्तक वाचा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू आणि गरम ठेवून बघतात, काही कंपन्यांत इंजिन बंद करून मिनिटभरात.

‘झटके म्हणजे गिअरबॉक्स गेला.’ मनीषनगरच्या एका काकू गाडी विकायचा व्यवहार ठरवूनच माझ्याकडे आल्या होत्या, फक्त शेवटचं दाखवून घ्यावं म्हणून. १,४२,००० किलोमीटर चाललेली सेडान. ‘भाऊ, सगळे गिअरबॉक्स गेला म्हणून राहिले, तुम्ही एकदा बघून घ्या बरं.’ डीमध्ये टाकली की धाडकन झटका, आरमध्ये टाकली की धाडकन झटका. पण रिंग रोडवर ट्रायल मारली तर सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते. उभ्या गाडीत झटका आणि पळत्या गाडीत काहीच नाही, म्हणजे गिअरबॉक्सवर संशय घ्यायच्या आधी बॉनेट उघडायचं. इंजिन ज्या रबरावर टेकतं ते माऊंटिंग फाटलं होतं. रबर बदललं, काम संपलं. काकू आजही तीच गाडी चालवतात.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंगची वायर, कारण व्होल्टेज पडला की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गोंधळतो. मग माऊंटिंग. मग इंजिन मिस तर मारत नाही ना, कारण मिस मारणारं इंजिन हुबेहूब गिअरबॉक्ससारखं थरथरतं. मग ऑईल. मग स्कॅनर, आणि तोही गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणारा, नुसतं इंजिन वाचणारा नव्हे. स्कॅनरवरचा पी-०७०० हा बिघाडाचा कोड दाखवून लोकांना घाबरवतात. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलंय, आत जाऊन बघा. खरा कोड आत असतो. पी-०७१५ किंवा पी-०७२० असेल तर वेगाचा सेन्सर किंवा त्याची वायर, पी-०७५० च्या आसपास असेल तर सोलेनॉइड म्हणजे ऑईलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा वॉल्व्ह, पी-०७४१ असेल तर कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे पळत्या गाडीत कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जोडणारा क्लच. यातली बरीच कामं गिअरबॉक्स खाली न उतरवता होतात. गाडी एकाच गिअरवर अडकली आणि पळेना, तर तेही मरण नव्हे. आणखी नुकसान होऊ नये म्हणून कॉम्प्युटरने घेतलेली ती सावधगिरी असते.

एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरत असेल, तर मागे कुणी नाही हे बघून ॲक्सिलरेटर तसाच ठेवा आणि ब्रेकला पाय नुसता लावा. थरथर लगेच थांबली तर बहुधा लॉकअपचा दोष. तो कित्येकदा नुसत्या ऑईल बदलण्याने जातो. आणि दोष दुपारच्या ट्रॅफिकमध्येच दिसत असेल तर ट्रायलही तेव्हाच मारा. सकाळी थंड गाडीत सोलेनॉइड निर्दोष दिसतो आणि गरम झाल्यावर फसवतो.

सिग्नलच्या न्यूट्रलचं उत्तर छोटं आहे. ब्रेक दाबून डीमध्ये उभं राहिल्याने टॉर्क कन्व्हर्टर जळत नाही. उलट दर सिग्नलला न्यूट्रल-डी-न्यूट्रल केलं की क्लच तेवढ्या वेळा उगाच पकडतो आणि सोडतो. रेल्वे फाटकासारखं लांब थांबणं असेल तर खुशाल न्यूट्रल करा. आणि बाटलीतलं केमिकल फार तर कडक झालेलं सील थोडे दिवस मऊ करतं. झिजलेली प्लेट त्याने भरून येत नाही.

मेसेजमध्ये नसलेली पण मला रोज दिसणारी गोष्ट म्हणजे रेडिएटरमधलं पाणी. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑईलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. कुलंट संपलं की लोक बोअरचं पाणी ओततात. क्षार साचतात, गंज चढतो, कूलर आतून फुटतो आणि कुलंट ऑईलमध्ये शिरतं. ऑईल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच थांबवा आणि टोइंगच्या ट्रकवर चढवून आणा. कुलंट क्लच प्लेटांचा चिकटवा सोडवतं, मग पूर्ण ओव्हरहॉलशिवाय मार्ग राहत नाही.

गिअरबॉक्स खरंच गेलाय असंही होतं. रिव्हर्स पडत नाही, रेस वाढते पण गाडी उचलत नाही, चेंबरमध्ये धातूचे तुकडे. तेव्हा मी खोटी आशा दाखवत नाही. पण तेव्हाही भंगारातली असेंब्ली घेण्याआधी विचार करा, तिचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसतो. ओव्हरहॉल करायचं ठरलं तर कुठले सील, कुठल्या प्लेटा, कुठले सोलेनॉइड बदलले याची यादी आणि जुने भाग मागून घ्या. कन्व्हर्टर साफ केला की बदलला, कूलरच्या नळ्या धुतल्या का, आणि शेवटी कॉम्प्युटरला नव्या प्लेटांची ओळख करून दिली का, हेही विचारा. ती करून दिली नाही तर तो जुन्या झिजलेल्या प्लेटांच्या हिशेबानेच दाब देत राहतो आणि नवा गिअरबॉक्सही झटके मारतो. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी वर्धा रोडवर अर्धा तास चालवा, गरम होऊ द्या, आणि मग पैसे द्या.