घोड्याचे खूर मोजून मरण सांगणाऱ्यांना

परवा काकांनी घरच्या ग्रुपवर एक चित्र टाकलं. डोळ्यांना पट्टी बांधलेला घोडेस्वार, हाडं वर आलेला घोडा, त्याला धरून चालणारा एका हाताचा शिपाई. खाली मजकूर: नेपोलियनच्या सैनिकाने १८१२ मध्ये रशियातून परतताना डोळ्यांनी बघून दगडात कोरलेलं चित्र, घोड्याचा एक पाय उचललेला, म्हणजे स्वार पुढे जखमांनी मेला, आणि सगळी फौज थंडीनेच संपली. मी गप्प बसणार होते. पण सहावीतल्या भाचीने ते खुरांचं गणित प्रकल्पाच्या वहीत उतरवलं.

म्हणून आधी खूरच. म्हणे पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असले तर रणात मरण, एक असला तर जखमांनी, चारही जमिनीवर असले तर अंथरुणात. सेंट पीटर्सबर्गला रशियाचा झार पीटर द ग्रेट याच्या पुतळ्यातला घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून उभा आहे. पीटर १७२५ मध्ये मूत्राशयाच्या दुखण्याने गेला, लढाईत नव्हे. शिवाय या चित्रातल्या स्वाराला नावसुद्धा नाही. तो कशाने मेला हे कुणी जाऊन विचारलं? अहो, घोडा चालतोय. चालताना पाय उचलणारच!

चित्र फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिकोचं, १८१८ चं. तो रशियाला गेलाच नाही. भरती टाळायला त्याच्याऐवजी पैसे देऊन दुसरा माणूस पाठवला होता. पुढे १८१४ मध्ये तो फ्रान्सच्या राजाच्या घोडदळात होता, तेवढं 'सैनिक' खरं धरा.

दगडात कोरणं वगैरे काही नाही. हे लिथो, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र; त्या दगडावर तेलकट खडूने काढतात. आजीच्या देवघरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी याच जातीची.

थंडीचं अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. पण फ्रेंच अभियंता मिनारने या मोहिमेचा काढलेला १८६९ चा नकाशा बघा: रशियाच्या सीमेवरची नेमन नदी ओलांडताना ४,२२,००० माणसं, मॉस्कोत १,००,०००, परत आली १०,०००. काही तुकड्या वाटेत ठेवल्या होत्या, त्या वजा करा. तरी मॉस्को सप्टेंबरात, थंडीच्या आधीच गाठलं होतं, म्हणजे बरीच माणसं त्याआधीच गेली होती. नकाशातली तापमानाची रेघच मुळी परतीच्या वाटेवर सुरू होते. घोडे तर उन्हाळ्यातच, पाऊस आणि चाऱ्याअभावी, हजारोंनी पडले होते.

भाचीला ते पान फाडू दिलं नाही. शेजारी मिनारचे तीन आकडे लिहायला लावलेत. काकांनी अजून निळी टिक दिलेली नाही.