काकांच्या पडवीतलं शिसं

गेल्या गणपतीत आमच्या देवगडच्या घरी काकांच्या बंदुकीवरून वाद झाला. मी तिथे नव्हतो. आरती आटोपल्यावर मुंबईहून आलेल्या चुलतभावाने विषय काढला. ही ठासणीची बंदूक पोलिसांत जमा करा, परवाना रद्द करून घ्या, आणि पडवीत शिसं वितळवायचा तो अडाणीपणा एकदाचा बंद करा, घरात लहान मुलं असतात. काका काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले. आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला वेगळंच लागलं. याच भावाने जून महिन्यात माझ्या गॅरेजचा फोटो पाहिला होता. टेबलावर ओळीने मांडलेल्या दोनशे गोळ्या, नुकत्या ओतलेल्या. त्यावर त्याने लिहिलं होतं, 'काय भारी छंद आहे रे तुझा!'

शिसं देवगडातही ३२७ अंशांवर वितळतं आणि इथे अमेरिकेत, आयडाहोतल्या बॉयसीतही. मग माझा तो छंद आणि काकांचा तो अडाणीपणा, हे कुठल्या हिशेबाने?

मी चव्वेचाळीस मॅग्नमसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या एका दणकट काडतुसासाठी, गोळ्या ओततो. एक गोळी २५० ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमची. किलोभर शिशात साठेक निघतात. साचा लायमन कंपनीचा, आकार बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथने ठरवलेला. हा माणूस आयडाहोतल्याच सॅमन गावचा, १९८४ साली वारला, आणि १९५५मध्ये चव्वेचाळीस मॅग्नम बाजारात आली त्यामागे त्याची कित्येक वर्षांची चिकाटी होती. सॅमनला मी दोनदा गाडी घेऊन गेलोय, पाच तासांचा रस्ता. शिसं आणतो टायरवाल्याकडून, चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं. त्यात तीनेक टक्के अँटिमनी हा धातू असतो, म्हणून गोळी टणक होते. निव्वळ शिशाची मऊ गोळी एवढ्या वेगात नळीला शिसं फासत जाते. हल्ली त्या वजनांत जस्ताचीही येतात. जस्त वितळायला ४१९ अंश लागतात, म्हणून भांडं ३७५च्या वर जाऊ दिलं नाही तर ती वर तरंगतात आणि चिमट्याने काढता येतात. एकदा का जस्त रसात उतरलं, की साचा नीट भरत नाही.

हे सगळं इथे शिकलो असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडतात, रस जास्त तापला की ती दव पडल्यासारखी पांढुरकी होते, मेणाचा तुकडा टाकून ढवळलं की मळी वर येते, हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे. काकांच्या शेजारी उकिडवं बसून पाहिलेलं. पळी तीच, रोवळीवर वाळवलेला लोखंडी साचा तोच. मी घाईने पुढे सरकलो की ते हाताने मागे सारायचे. 'शिशाक घाई चलणा नाय.' मृग लागला की शिसं बंद, ते थेट नवरात्रापर्यंत. कौलातून एक थेंब जरी रसात पडला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि सगळं भांडं अंगावर उडतं, म्हणून. इथल्या कोरड्या हवेत मी हा नियम विसरलो. ओतायला लागल्यावर चौथ्या वर्षी थंडीत बाहेर ठेवलेली, दव धरलेली शिशाची वीट मी तशीच भांड्यात सोडली. डाव्या हाताच्या कोपराखाली अजून तीन डाग आहेत. चाळीस वर्षं शिसं ओतणाऱ्या काकांच्या हातावर एक नाही.

आणि भावाला हेही माहीत नाही, की पडवीत ओतलं जाणारं शिसं बंदुकीसाठी नसतंच. आजोबांच्या काळात असेल. १९७२चा वन्यजीव कायदा आला तेव्हापासून आमच्या घरात शिकार नाही. काका बंदुकीने वांदरांवर नुसता दारूचा बार काढतात, आवाजापुरता. शिसं लागतं पागाला, हाताने फेकायच्या जाळ्याला. खाडीत बोय मासे मारायला जाणारा माणूस पागाचा घेर शिशाने जड करतो, ती वजनं दर दोन वर्षांनी झिजतात, तुटतात, हरवतात. ते ओतणं भावाने बंदुकीच्या खात्यावर मांडलं.

एक काळ असा होता, की आपल्या छापखान्यांतले कंपोझिटर आयुष्यभर शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, बोटांत धरत होते. शिसं, अँटिमनी आणि कथील, माझ्या भांड्यातलीच मिसळ. ज्या पाठ्यपुस्तकांवर आमच्या आईवडिलांची पिढी शिकली ती त्याच शिशाने छापली. त्या कंपोझिटरांना कोणी अडाणी म्हटलं नाही. ते शहरात बसत होते.

बंदुकीचंही सांगतो. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली. काकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. हे दिवस कसले असतात हे देवगडात पोरालाही कळतं. काजू, मग आंबा. विधानसभेची लागली १५ ऑक्टोबरला, तेव्हा भात कापायला आलेलं. डुक्कर काही आचारसंहिता पाळत नाही. इथे मला नोव्हेंबरमध्ये मतदान असलं म्हणून कोणी काही जमा करायला सांगत नाही. स्वतःपुरत्या गोळ्या ओतायला परवाना लागत नाही, काडतुसं करून विकायची तरच लागतो. कॅलिफोर्नियाने २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी बंद केली, पण तिथे कारण कॉन्डॉर गिधाडांचं होतं. शिसं लागलेलं मांस खाऊन ती मरत होती. माणसाकडे संशयाने बघून ती बंदी घातलेली नव्हती. शेतकऱ्याला तांब्याची गोळी वापरायची मुभा राहिली. आपल्याकडे मात्र परवान्याच्या वहीत नाव असलेला माणूसच आधी संशयित.

हे मी तावातावाने आईला ऐकवलं. ती ऐकून घेते आणि मग एखादंच वाक्य बोलते. म्हणाली, 'तुला तरी तिथे लगेच दिली होती का बंदूक?'

नव्हती दिली. एच-वन-बीवर होतो तोवर इथल्या कायद्याने मला बंदूक जवळ ठेवता येत नव्हती. शिकारीचा परवाना काढला तर सूट मिळते, पण नोकरीच्या व्हिसावर असताना तसल्या कागदावर नाव चढवायची माझी छाती झाली नाही. ग्रीन कार्डाला अकरा वर्षं लागली. त्या अकरा वर्षांत शेजारी मला नेमबाजीच्या रेंजवर बोलवायचे आणि मी काहीतरी कारण सांगायचो. माझ्यावर विश्वास ठेवणारा देश म्हणून मी जो सांगतोय, तो कार्ड हातात आल्या दिवसापासूनचा आहे. वहीत नाव असलेला माणूस संशयित, हे मला काकांमुळे कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मी आईला अजून सांगितलेली नाही. मार्चमध्ये रक्त तपासलं, त्यात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ११ मायक्रोग्रॅम आलं. इथे साडेतीनच्या वर गेलं की वाढलेलं धरतात. डॉक्टरने ओतण्याबद्दल कमी आणि हातांबद्दल जास्त विचारलं. वितळलेल्या शिशाच्या वाफेचं भय त्या तापमानाला फारसं नसतं. मळीची पूड बोटांना, कपड्यांना लागते आणि जेवणातून पोटात जाते. मी गॅरेजमध्ये कॉफी घेऊन उभा राहत होतो. काका ओतून झालं की विहिरीवर जाऊन राखेने कोपरापर्यंत हात घासायचे, अंगातला सदरा बाहेरच काढायचे, मगच घरात पाऊल. तरी त्यांचं रक्त कोणी तपासलेलं नाही, आणि पडवीत आम्ही पोरं बसायचो हेही खरं. मुलांबद्दल भाऊ जे बोलला ते बरोबर आहे. तो ज्या तोंडाने बोलला ते मला सहन होत नाही.

पण मी तरी त्या दिवशी कुठे होतो? पाच गणपती झाले, मी गेलेलो नाही. त्याचा जूनमधला तो शेरा वाचून मी खूश झालो होतो, तेव्हा 'काकांकडून शिकलो' एवढे दोन शब्द लिहायला मला काय झालं होतं? गॅरेजमध्ये येणाऱ्या इथल्या मित्रांना मी कीथचं नाव सांगतो. काकांचं एकदाही सांगितलेलं नाही.

दिवाळीत त्यांना फोन केला. बंदुकीचा विषय मीच काढला, ठाम राहा म्हणून सांगायला. 'ती दिलंय नेवन,' म्हणाले. नवरात्रात स्वतःच ठाण्यात गेले होते, कोणी बोलावलं नव्हतं. मी गप्प झालो. मग त्यांनी विचारलं, 'पागाक शिसा व्हया. तुका थंय गावता?' म्हटलं, हवं तेवढं. 'नरम व्हया हां. नखान खूण पडाक व्हयी.'

मी उत्साहाने टायरच्या वजनांची पागासाठी शंभर वजनं ओतली. दोरीवर दाबायला गेलो तर तडे गेले. अँटिमनी. गोळीला जे हवं तेच पागाला नको, आणि हे मला शंभर ओतून झाल्यावर कळलं. मग तीन शनिवार भंगारवाल्यांकडे हिंडलो. शेवटी दाताच्या जुन्या दवाखान्यातल्या एक्स-रे खोलीचा पत्रा मिळाला, शुद्ध शिशाचा. अंगठ्याचं नख ओढलं, चकचकीत रेघ उठली. चार किलो कापून घेतलं. जानेवारीचं तिकीट काढलंय. पत्रा तसाच नेणार, ओतायचं तिकडे, काकांच्या साच्यात. पडवीत नाही, बाहेर खळ्यात, आणि मुलं शाळेत गेल्यावर.