चार तासांचा पिक्चर कापायला हवा होता म्हणणाऱ्यांसाठी

'अ‍ॅन एलिफंट सिटिंग स्टिल' या चिनी पिक्चरचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. केवढा लांब आहे, जवळजवळ चार तास! आणि दुसरं म्हणजे दिग्दर्शक हू बो, ज्याने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, पिक्चर लोकांसमोर यायच्या आधीच, वयाच्या २९ व्या वर्षी आत्महत्या केली. दोन्ही खरंय, पण या सगळ्यात पिक्चर राहूनच जातो आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं.

उत्तर चीनमधलं कारखान्यांचं मरगळलेलं शहर, थंडी, राखाडी आभाळ, आणि सगळी गोष्ट एकाच दिवसाची. वेई बू या शाळकरी पोराच्या हातून एक दादागिरी करणारा मुलगा जिन्यावरून पडतो आणि हा पळ काढतो. मग त्याच्या शाळेतली हुआंग लिंग, पडलेल्या मुलाचा गुंड भाऊ यू चेंग, आणि म्हातारे वांग जिन, ज्यांना लेक-जावई वृद्धाश्रमात ठेवायला निघालेत कारण नातीला चांगली शाळा मिळायला हवी. फिरून फिरून विषय येतो तो रशियाच्या सीमेवरच्या मांझोउली शहराचा, तिथे म्हणे एक हत्ती आहे जो नुसता बसून असतो, कुणी काहीही करो.

कॅमेरा माणसाच्या मानेमागे चिकटून चालतो, फोकस फक्त त्याच्यावर, बाकीचे बोलतात, ओरडतात, भांडतात ते सगळं धूसर. एकटेपणा म्हणजे हेच ना, माणसं आजूबाजूला असतात पण स्पष्ट कुणीच दिसत नाही! वांग जिन वृद्धाश्रम बघायला जातात तेव्हा कॅमेरा त्यांच्यासोबत चालतच राहतो, एकामागून एक खोल्या, आणि ते काहीच बोलत नाहीत. हे चालणं कापा म्हणजे उरतं काय? नुसती घटनांची यादी. लांबीवरून हू बोचा निर्मात्यांशी वाद झालाच होता, पण शेवटी लोकांपुढे आला तो पूर्ण पिक्चरच आणि २०१८ ला तैपेईच्या गोल्डन हॉर्स चित्रपट पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटही तोच ठरला.

आणि पिक्चरला निराशावादी म्हणणाऱ्यांशी तर मी अजिबात सहमत नाही. वांग जिन वेई बूला सरळ सांगतात की कुठेही गेलास तरी तिथेही हेच असणार, आणि तरीही नातीला घेऊन ते वेई बू आणि हुआंग लिंगबरोबर त्या हत्तीकडे निघतात. एवढी ओढ मला कुठल्याच गोड शेवटात दिसली नाही.

बघणार असाल तर एका बैठकीत बघा, फोन लांब ठेवा. सध्या मन बरं नसेल तर मात्र एकट्याने बघू नका, कुणाला तरी सोबत घ्या.