चारची अपॉइंटमेंट

मुद्दाम म्युझियम बघायला म्हणून कोकणातून मुंबईला कोणी जात नाही. आपण जातो डॉक्टरकडे, कोर्टात किंवा लग्नाला. पण कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला आणून सोडते आणि डॉक्टर बोलावतात दुपारी चारला. मधल्या वेळात नातेवाइकांकडे टेकावं, तर ते राहतात विरारला. मग म्युझियमशिवाय गत्यंतर नसतं.

या एप्रिलात नानांचा मोतीबिंदू दाखवायचा होता. नाना म्हणजे माझे थोरले काका, राजापूर तालुक्यातले, आंबा-काजूवाले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं सव्वादहाला. तोवर चहा झाला, परत चहा झाला. तिकीट काढताना नानांनी विचारलं, "आत खायला काय मिळतं?"

घुमटाखाली मी आपला जरा भाव खाल्ला. "नाना, ही इमारत जॉर्ज विटेट नावाच्या साहेबाची. 1914 साली तयार झाली, पण महायुद्ध लागलं. म्युझियम खुलं व्हायला 1922 उजाडलं. मधे इथे सैनिकांचं हॉस्पिटल होतं."

"असं? मग इथेच दाखवू या की डोळे. तिकीट काढलंच आहे."

खरा छळ पायांचा. दिवसातून दोनदा कातळाची घाटी चढणारे नाना तासाभरात भिंतीला हात लावून चालायला लागले. त्यांचं म्हणणं मला पटलं: माणूस चालला तर दमत नाही, दर दोन पावलांवर थांबून "वा" म्हणायला लागलं की दमतो. दालनात खुर्ची एकच, तिच्यावर रखवालदार. अकबराचं 1581 सालचं चिलखत नानांनी त्या खुर्चीवर नजर ठेवूनच पाहिलं.

पण प्राण्यांच्या दालनात त्यांच्यात जीव आला. काचेमागे पेंढा भरलेला गवा होता. नाना काचेला नाक लावून उभे.

"हाच तो!"

"कोण?"

"गेल्या साली आपला कुळीथ खाल्लान तो. डोळे बघ, अजून तसाच बघतोय." फॉरेस्टवाल्यांकडे नुकसानभरपाईसाठी खेपा घालून आलेला सगळा राग त्यांनी तिथे बाहेर काढला. शाळेची एक सहल समोरचा वाघ सोडून नानांच्या भोवती गोळा झाली. बाईंना वाटलं, माहिती सांगणारे संग्रहालयाचेच कोणीतरी आहेत. त्यांनी मुलांना वह्या काढायला लावल्या.

घारापुरीच्या मूर्तींपाशी मी त्यांना दगडी हत्तीची गोष्ट सांगितली. तो हत्ती इंग्रजांनी विलायतेला न्यायला काढला, उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. सांधलेला हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. नाना कळवळले, ते हत्तीसाठी नव्हे. "ओझं उचलायची अक्कल नाही आणि राज्य करायला निघाले! खाली माडाचे चार ओंडके टाकले असते तर सरकत गेला असता होडीपर्यंत."

(इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मात्र न फोडता रत्नागिरीत आणून ठेवला. 1916 साली तो तिथेच वारला. त्याच्या राजवाड्यातही म्युझियम आहे. मी रोज त्यावरून जातो. आत शेवटचा गेलो तो पुण्याचे पाहुणे आले होते तेव्हा.)

बारा वाजले. चारला अजून अवकाश. शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी, 1952 सालची. प्रवेश फुकट आणि आत गार. एवढ्यावर नाना तयार झाले.

पण जहांगीरमधली परीक्षा वेगळी. म्युझियमातला अकबर काही तुमच्या तोंडाकडे बघत नाही. इथे चित्रकार स्वतः कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला असतो आणि दालनात दुसरे फक्त तुम्हीच असता, तेव्हा तर सुटकाच नाही. एका हिरव्या-काळ्या कॅनव्हाससमोर मी कपाळाला विचारी आठी घालून उभा राहिलो. खाली लिहिलं होतं, 'अनटायटल्ड 7'.

"बारसं राहिलंय वाटतं," नाना म्हणाले. मग किंमत वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शून्यं तेवढीच.

चित्रकार उठून आला. म्हटलं, झालं. नाना त्याला म्हणाले, "हा काळा डाग करपा आहे. असाच पानावर येतो. फवारणीला उशीर केलात."

तो माणूस खुर्चीतून उठून आला होता तो नानांना खुर्ची द्यायला. नाना बसले. त्यांचं गाव कोणतं, बाग किती, यंदा मोहोर कसा, अशी चौकशी झाली. अभिप्रायाची वही पुढे आली. मी 'अंतर्मुख करणारा अनुभव' असं काहीतरी लिहिलं. नानांनी माझ्या खाली लिहिलं, "पाच डझनी पेटी, दोन. अक्षय तृतीयेआधी पोचवणे," आणि त्याच्याकडून खाली पत्ता लिहून घेतला.

आम्ही निघेपर्यंत त्या दालनात झालेला सौदा तेवढाच.