काळी चारचा फ्रिज

परवा हिने इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, शनिवार संध्याकाळच्या गर्दीत, 'सा' लावला. त्या वेळी मी एका करड्या फ्रिजचं दार उघडं धरून उभा होतो. दार उघडं राहिलं की आतला गारवा जातो, मग कॉम्प्रेसर सुरू होतो, आणि तो सुरू झाल्याशिवाय हिला त्याचा सूर कळणार नव्हता. "काका, तुम्ही एवढं दार धरा, मॅडमना ऐकू द्या," असं दुकानातला पोरगा म्हणाला आणि मी धरलं. त्यात माझा शर्ट निळा. तिथल्या पोरांचेही निळेच. एक बाई सरळ माझ्याकडे आल्या. "दादा, ह्यात पाच लिटरचा कुकर उभा बसतो का हो?" "मधली जाळी काढली तर बसतो," मी म्हणालो. त्या समाधानाने गेल्या. त्या संध्याकाळी माझं मत कोणी विचारलं असेल तर ते एवढंच.

थोडक्यात सांगायचं तर मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली आणि ही गाण्याच्या क्लासला जायला लागली. सध्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका प्रथमची तयारी चालू आहे. प्रारंभिक झाली. ह्यानंतर प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा दोन, विशारद दोन. मी फीचा हिशोब मध्यमापर्यंत केला आणि कागद घडी करून ठेवून दिला. क्लासच्या ताईंनी हिची पट्टी काळी चार ठरवलीय, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तो हिचा सा. रियाझ हॉलमध्ये, कारण बेडरूममध्ये सकाळी मी झोपलेला असतो. (खर्ज सुरू झाला की नसतो.) फ्रिजही हॉलमध्येच, कारण आमचं स्वयंपाकघर ज्याने काढलं त्या बिल्डरच्या घरी बहुधा डबा येत असावा. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप, डावीकडे फ्रिज, मध्ये ही. भूप राग चालू असताना फ्रिजने घरघर सुरू केली की डोळे न उघडता हिची हाक येते, "अहो, बघा, परत खाली ओढतोय मला!"

मी काय केलं नाही? फ्रिजखाली पुठ्ठे घातले. पाय फिरवून पातळी काढली. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, तर येता-जाता माझंच कोपर त्याला लागायला लागलं. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. आमच्या घरी त्यांच्या जोडीला फ्रिजही वर्ज्य करायचा ठरलं.

आता, आमच्याकडे वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही. लग्नातल्या मिक्सरचं एकच भांडं उरलंय, पण आहे. इस्त्रीची वायर मी तीनदा बदललीय, म्हणजे इस्त्री तीच आणि वायर नवी की उलट, हा प्रश्न घरात कोणी काढत नाही. ह्याच फ्रिजचा भाजीचा ट्रे तडकला तेव्हा ही म्हणाली फेकून द्या. मी त्याला खाली भोकं पाडली आणि गॅलरीत कोथिंबीर लावली. धणे घरातलेच, माती सोसायटीच्या बागेतली, खर्च शून्य. ती कोथिंबीर पुढे मला नडणार होती.

दुकानात जाण्याआधी मी अभ्यास केला होता. ताऱ्यांचा. लोक फ्रिजवरचे तारे मोजतात आणि खूश होतात. खरं वाचायचं ते ताऱ्यांखालचं वर्षाचं युनिट. शिवाय हे तारे जन्मभराचे नसतात. अधूनमधून निकष कडक होतात आणि कालचा पाचवाला आज चारात नाहीतर तीनात येऊन बसतो, तोच फ्रिज, तेच दार. आमच्यासमोर दोन फ्रिज होते. एकावर वर्षाला २३० युनिट, दुसऱ्यावर १९५. फरक ३५. युनिट दहा रुपयांनी धरलं तर वर्षाचे साडेतीनशे वाचणार, आणि दुसरा साडेतीन हजारांनी महाग. म्हणजे दहा वर्षांनी बरोबरी. हे मी तोंडी करून दाखवलं. पोरगा म्हणाला, "काका, पण ह्याला फुलांची डिझाईन आहे."

पलीकडे एक गृहस्थ काउंटरवर हात आपटून सांगत होते की जीएसटी उतरलाय, सरकारने उतरवलाय, पेपरात आलंय, तर फ्रिज का उतरत नाही? त्यांना कोणी उत्तर देईना. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, तो एसीचा उतरला, २०२५ ला. फ्रिज २०१८ पासूनच अठरा टक्क्यांत आहे."

मी वळून पाहिलं. पंचाहत्तरीच्या आसपासचे एक आजोबा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेनाऐवजी टेस्टर. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक एलईडी बल्ब आणि त्याचं घडी केलेलं बिल. वॉरंटीतला नऊ वॉटचा बल्ब बदलून घ्यायला ते दोन बसेस बदलून आले होते. मला माझ्या काटकसरीचा जरा अभिमान होता. तो तिथे गळून पडला.

जुना फ्रिज आपल्याला खाली ओढतो, हे ही पोराला समजावत होती आणि पोरगा "मॅडम, कूलिंगचा प्रॉब्लेम आहे का?" असं विचारत होता. आजोबा पुढे झाले.

"ताई, पट्टी कोणती?"

"काळी चार."

"म्हणजे खालच्या सप्तकात सेकंदाला एकशे चार कंपनांना जरा कमी. आणि फ्रिज?"

"तो खाली राहतो हो. बरं, पांढरी पाचला तरी लागावं ना? तिथंही लागत नाही."

"लागणारच नाही!" आजोबांचा चेहरा उजळला. हा प्रश्न कोणीतरी विचारेल म्हणून ते निवृत्तीपासून वाट पाहत असावेत. "आपली वीज पन्नास सायकलची. फ्रिजची गुणगुण तिच्या दुप्पट, म्हणजे शंभर. पांढरी पाच अठ्ठ्याण्णव, काळी चार एकशे चार. हा मधल्या फटीत अडकलाय. ह्यात फ्रिजचा दोष नाही. कंपनीचाही नाही."

"मग कोणाचा?"

"ग्रिडचा."

ही माझ्याकडे बघायला लागली, ग्रिड मीच आणला असल्यासारखी.

आजोबा वीज मंडळातले. २००५ ला त्याच्या कंपन्या झाल्या त्याच्या आधीचे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. "हल्ली फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ मध्ये बांधून ठेवतात. हलू देत नाहीत. आमच्या वेळी, नव्वदीत, संध्याकाळी लोड चढला की ती उतरत उतरत एकोणपन्नासवर यायची. एकोणपन्नास दुणे?"

"अठ्ठ्याण्णव," पोरगा पटकन म्हणाला. पाढे पाठ होते, डिस्काउंट तेवढा पाठ नव्हता.

"पांढरी पाच! ताई, अशा संध्याकाळी अख्ख्या महाराष्ट्रातले फ्रिज पांढरी पाचमध्ये लागलेले असायचे. एका सुरात! पण दाद कोणी दिली नाही. सबस्टेशनला फोन करून शिव्या दिल्या."

ही हळहळली. भारनियमनाच्या दिवसांबद्दल हळहळणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते माझ्याच घरातलं निघालं. लोडशेडिंगच्या काळात हिने मेणबत्तीत पोळ्या लाटल्यात आणि तेव्हा सरकारबद्दल जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही.

मग आजोबांनी जे सुचवलं ते ऐकून मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "तुमच्या ॲपमध्ये तानपुरा बारीक उतरवता येत असेल. शंभरावर आणून ठेवा. फ्रिज आणि तुम्ही, दोघं सुरात. खर्च काही नाही."

खर्च काही नाही! अठ्ठावीस हजार वाचले! मी दार सोडलं. "बरोबर आहे आजोबांचं," मी म्हणालो, "आयता तानपुरा, चोवीस तास."

"म्हणजे मी फ्रिजला षड्ज मानू?" ही म्हणाली.

"मानायचं काय त्यात, साथ म्हणून—"

"आणि परीक्षेला? टेम्पोत घालून नेऊ?"

ह्यावर सगळे हसले. आजोबा, पोरगा, जीएसटीवाले गृहस्थ, कुकरवाल्या बाई. मी परत दार धरलं.

तिथून पुढे सूत्रं आजोबांच्या हातात गेली. त्यांनी टीव्हीच्या बाजूला जाऊन सगळे टीव्ही मुके करवले. फ्रिजच्या मागे हात घालून प्लग नीट बसवला. "हा इन्व्हर्टरवाला. लागेल तसा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे ह्याचा सूर एका जागी राहत नाही. मींड घेतो. ताई, तुम्ही सा धरा, मी ह्याला ऐकतो." आणि त्यांनी फ्रिजच्या कुशीला कान लावला.

हिने पदर खोचला आणि सा लावला. लांब. चांगला लागला होता, हे मी मान्य करतो. घरी इतका लागत नाही. पंख्यांच्या विभागातून माणसं आली. कोणी मोबाईल वर केला. आजोबा डोळे मिटून हाताने 'वर... वर... उतरला' असं दाखवत होते, आणि ते फ्रिजला होतं की हिला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. जीएसटीवाले गृहस्थ माझ्या कानाशी आले. "काही स्कीम आहे का?" "नाही," मी म्हणालो. त्यांना पटलं नाही. पोराला जाऊन त्यांनी विचारलं, "गाऊन दाखवलं की किती कमी करता?" पोरगा म्हणाला, मॅनेजरला विचारून सांगतो.

शेवटी इन्व्हर्टरवालाच घेतला. मींड घेतो ते खरं, पण इतक्या हलक्या आवाजात की ऐकायला आजोबांसारखा कान लावावा लागतो. आजोबांना त्यांचा बल्ब बदलून मिळाला. त्यांनी तो तिथेच होल्डरला लावून पाहिला, बिलावर सही-शिक्का घेतला आणि हिला म्हणाले, "विशारद झालात की कळवा." मला काहीच म्हणाले नाहीत.

इथपर्यंत गंमत होती. पुढचं सांगताना माझं डोकं अजून फिरतं.

दारावर फलक होता: जुन्या फ्रिजवर तीन हजारांपर्यंत. ह्या 'पर्यंत'वर मराठी व्यापार उभा आहे. फ्री डिलिव्हरी होती, तीही तळमजल्यापर्यंत. आमची बिल्डिंग लिफ्ट नसलेली, आम्ही तिसऱ्यावर, मजल्याला शंभर. स्टँड वेगळा. बिल करताना एक मुलगी पाच मिनिटं मला समजावत होती की दोन हजार भरून वॉरंटी वाढवली नाही तर काय काय होऊ शकतं. ते ऐकल्यावर फ्रिज घ्यावाच कशाला असं वाटलं. ज्या वस्तूवर ह्यांचाच एवढा अविश्वास, ती विकतात कशाला?

फ्रिज घेऊन दोघं जण आले, त्यातल्या एकाने तो पाठीला पट्टा लावून एकट्याने वर आणला. वळणावर त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मजल्यांचे तीनशे मी दुकानात भरले होते, त्यातले तुला किती मिळतात, असं मी विचारलं. तो हसला आणि पाणी मागितलं. नव्या फ्रिजमध्ये पाणी गार व्हायचं होतं, जुना रिकामा करून ठेवलेला. माठातलं दिलं.

मग दुसऱ्याने जुना फ्रिज उघडून पाहिला. टॉर्च मारून. दुकानात फोटोवरून अकराशे ठरले होते. "भाजीचा ट्रे नाही," तो म्हणाला, आणि मोबाईलवर काहीतरी टाइप केलं. दीडशे कापले. मी त्याला गॅलरीत नेऊन ट्रे दाखवला. ट्रे आहे, वापरात आहे. "काका, ह्याला भोकं आहेत," तो म्हणाला. "आणि कोथिंबीर आहे." अहो, तो फ्रिज भंगारात तोडायलाच नेताय ना? त्यात भाजी कोण ठेवणार आहे? त्याने मान हलवली, सिस्टीममध्ये तसंच आहे म्हणाला, आणि जाताना थोडी कोथिंबीर मागितली. दिली. काय करणार.

काल सकाळी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. १९१५, मराठीतही बोलतात. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकलं, ट्रेचं माप सोडून सगळं लिहून घेतलं. हॉलमध्ये हिचे भूपाचे पलटे चालू होते. नव्या फ्रिजमुळे आता मधे कोणी अडवणारंही नव्हतं, त्यामुळे ती जरा जास्तच मोकळी झाली होती.

"सर," ती मुलगी म्हणाली, "मागे रेडिओ चालू आहे, तो जरा बंद करता का?"

"तो बंद होत नाही," मी म्हणालो.

हॉलमध्ये पलटे थांबले. "रेडिओ म्हणाली?" ही दारात येऊन उभी. "खरंच रेडिओ म्हणाली? अहो, विचारा ना, कुठलं स्टेशन वाटलं!" मी फोनवर हात ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. ती इतकी खुशीत होती की म्हणाली, "जाऊ द्या हो ते दीडशे."

मी जाऊ देणार नाही. तक्रार क्रमांक घेतलाय.