दोन फेज काळ्या, एक कोरी

आज दुपारी तालुक्याच्या गावी वाइंडिंगची, म्हणजे मोटरीत कॉइल भरायची, तार घ्यायला गेलो होतो. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. गव्हा-हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की आपल्याकडे दरवर्षी हेच, दारापर्यंत जळक्या मोटरींची रांग. तिथं जे पाहिलं त्यानं डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितोय.

एक ताई फाइल घेऊन आल्या. आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड, लग्नाआधी चार वर्षं वाइंडिंगचं काम केलेलं. मधे सात वर्षं खंड. मालकानं प्रमाणपत्रावरची तारीख पाहिली अन् फाइल मिटली. "सात वर्सं काय केलं मंग? आता हात चालन का तुमचा?" त्या म्हणाल्या, "सासूले लकवा मारला होता भाऊ, लेकरू बी लहान होतं." मग टेबलावरच्या उघड्या स्टेटरकडे (मोटरचा न फिरणारा, कॉइल असलेला भाग) पाहून हळूच म्हणाल्या, "हे सिंगल फेजवर जयली. दोन फेज काया झाल्या, एक कोरी हाये." मालक म्हणाला, "फोन करतो मी." नंबर लिहूनही घेतला नाही.

अरे, त्या एका वाक्यात मुलाखत झाली होती! मोटरमध्ये कॉइलचे तीन गट असतात, त्या तीन फेज. स्टार जोडणीत (तिन्हींची एकेक टोकं एकत्र बांधलेली) मोटरची एक लाइन गेली, म्हणजे डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतला) फ्यूज उडाला किंवा स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट जळाला, तर उरलेल्या दोन लाइनींमधला करंट दोनच फेजमधून फिरतो. त्या दोन जळतात, तिसरी नव्यासारखी राहते. डेल्टात, म्हणजे तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेल्या असतील तर, उलट. एका फेजवर सगळा भार येतो, ती एकटी जळते आणि दोन वाचतात. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर कारण वेगळं, ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. हे बघता येणारा माणूस सात वर्षं घरी होता की सत्तर, काय फरक पडतो? आणि त्या दुकानात रोज काम करणाऱ्या दोन पोरांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. ते कॉइल कापत सुटले होते.

हो, हात मंदावतो, हे खरं. पहिली मोटर दोन दिवस खाईल, आणि गव्हाला पाणी द्यायचं असलेला शेतकरी दोन दिवस थांबत नाही. पण दुसरी दीड दिवसात होते, पाचवी एका दिवसात. महिनाभराचा प्रश्न आहे, आणि तेवढ्यासाठी माणूस परत पाठवता?

खंड पडलेल्यांना माझं सांगणं वेगळं आहे. दुकानात जायच्या आधी भंगारवाल्याकडून एक जळका स्टेटर वजनावर आणा. 3 किंवा 5 एचपीचा, 24 स्लॉटचा मिळाला तर उत्तम. कापायच्या आधी वहीत लिहा: स्लॉट (कॉइल बसायच्या खाचा) किती, एका ग्रुपमध्ये कॉइल किती, कॉइल कोणत्या स्लॉटातून कोणत्या स्लॉटात जाते, टोकं कुठं जोडली आहेत. घाई झाली की चूक नेमकी इथंच होते. एकदा कापलं की विचारायला कोणी उरत नाही. टर्न (तारेचे वेढे) किमान तीन कॉइलचे मोजा, कारण जळलेल्या तारेचे तुकडे पडतात आणि एकाच कॉइलवर विसंबलं तर दोन-चार टर्न हमखास कमी भरतात. 40 च्या जागी 36 टर्न भरले तर लोखंडावर चुंबकत्वाचा भार दहा टक्क्यांहून जास्त वाढतो आणि मोटर रिकामी चालतानाच गरम होते. तार मोजताना आधी इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) काढा. इनॅमलसकट मोजलेली तार जाड दिसते, तशी जाड तार आणली की ती स्लॉटात मावत नाही, आणि ठोकून बसवताना इनॅमल खरवडून निघतं. उलट 20 नंबरच्या (गेजच्या) जागी 21 नंबरची, म्हणजे बारीक, तार भरली तर तांबं एकपंचमांशानं कमी होतं. मोटर उन्हाळ्यापर्यंतही टिकणार नाही.

आणि स्टेटर पेटवू नका! जुनी कॉइल लवकर निघावी म्हणून गावोगाव पेट्रोल किंवा लाकडं टाकून जाळतात. त्यात लोखंडी पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, पत्रे एकमेकांना भिडतात, आणि मग कितीही चांगली वाइंडिंग करा, गाभाच तापत राहतो. एका बाजूची कॉइल छिन्नीनं कापा आणि दुसऱ्या बाजूनं ओढा. वेळ लागतो, लागू द्या.

नवा इन्सुलेशन पेपर स्लॉटच्या दोन्ही टोकांना पाच-सहा मिलिमीटर बाहेर ठेवा. नव्यानं परतलेल्या माणसाची कॉइल पहिल्यांदा बॉडीला लागते ती तिथंच. वार्निश पूर्ण भाजू द्या, वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं राहतं. 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मिनिटभर बॉडीशी तपासा, मगच सप्लाय द्या. तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरनं (तारेभोवती अडकवून मोजायचं यंत्र) बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, एक फेज फार वेगळी दिसली तर कुठंतरी टोक उलटं जोडलंय.

सात वर्षांत खरंच जे बदललं, ते सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत 3, 5 आणि साडेसात एचपीचे पंप येताहेत, 5 एचपीला साधारण 4800 वॉटचे पॅनल. इथं जुनी सवय जीवावर बेतू शकते. पॅनलची तार डीसी असते आणि साधा एसी क्लॅम्प मीटर तिच्यावर शून्य दाखवतो, म्हणून करंट नाही असं समजू नका. डीसीचा क्लॅम्प वेगळा घ्यावा लागतो. कंट्रोलर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनलकडच्या तारेत व्होल्टेज असतंच, सिरीजमध्ये दहा-बारा पॅनल असतील तर कित्येकशे व्होल्ट. चालू लोडवर कनेक्टर ओढला की ठिणगी पेटते ती विझत नाही, कारण डीसी एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नाही. आधी डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडायचा स्विच) पाडायचा, मग हात लावायचा. एवढं शिकायला तीन आठवडे पुरतात.

पुन्हा त्या टेबलावरच्या मोटरकडे येतो, कारण ती मनातून जात नाही. पोरं ती नव्यानं भरतील, शेतकरी चार-पाच हजार मोजेल, नेईल. पण जळाली का, हे त्याला कोणी सांगणार नाही. त्याच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) बहुतेक 12 अँपियरवर फिरवलेला असेल, जेव्हा 5 एचपीच्या मोनोब्लॉक पंपाला साडेसात अँपियरच्या आसपास लागतात. सिंगल फेज प्रिव्हेंटरची (एक लाइन गेली की मोटर बंद करणाऱ्या यंत्राची) तार काढून ठेवलेली असेल, कारण रात्री सिंगल फेज लाइन आली की कंडेन्सर लावून चालवायची असते. त्यालाही दोष देत नाही, पाणी तर द्यावंच लागतं. पण त्या ताईंना कामावर ठेवलं असतं तर त्यांनी त्याला स्टार्टरचा डबा घेऊन यायला सांगितलं असतं. आता ती मोटर पुन्हा येईल. तशाच दोन काळ्या, एक कोरी.

सासूची सात वर्षं सेवा केली, हे त्या बाई खाली मान घालून सांगत होत्या, जणू चोरी केली. कसंतरीच झालं ते बघून.

ताई, कुणी ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचवली तर: माझ्याकडे 24 स्लॉटचे दोन जळके स्टेटर पडून आहेत. तार माझी, पेपर माझा, मेगर आहे. पोराला घेऊन या. आणि ज्यांची वाइंडिंगची दुकानं आहेत अशा मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी फाइल घेऊन आलं तर तारीख नंतर बघा, आधी एक उघडा स्टेटर समोर ठेवा आणि विचारा, कशानं जळाली?